कथा विलंबित, संपादक द्रुत

यंदाच्या आषाढात माझ्या कथेचा नायक एकोणीस दिवस कोल्हापुरात एका घराच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता. पायऱ्या पाच. वर दार, दाराआड त्याची थोरली बहीण. नायकाचं नाव दिनकर, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. अठरा वर्षांपूर्वी वडिलोपार्जित पावणेदोन एकरांवरून बहीणभावांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. आता त्यानं उरलेल्या दोन पायऱ्या चढायच्या, दार वाजवायचं, बहिणीनं ते उघडायचं आणि तीन हजार शब्दांच्या आत दोघांनी काय तो निकाल लावायचा, एवढंच माझं संपादकांशी ठरलं होतं. पण दिनकर हलेना. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. तो दार वाजवत असताना माझ्या कानात कुठलं संगीत असावं, हे माझंच ठरत नव्हतं.

दिवाळी अंकातली कथा दिवाळीत लिहीत नाहीत, हे वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. आकाशकंदील, उटणं, चकलीचा खमंग वास वगैरे आम्ही भिंतींना बुरशी आलेली असताना, न वाळलेल्या बनियनच्या वासात लिहितो. संपादकांचा पहिला फोन आषाढी एकादशीच्या सुमारास येतो. तो साबुदाण्याच्या खिचडीसारखा मऊ असतो. दुसरा नागपंचमीला येतो. त्याच्या स्वभावाबद्दल वेगळं सांगायला नको. पंधरा ऑगस्ट ही शेवटची तारीख. त्या दिवशी सगळा देश स्वतंत्र असतो, दिवाळी अंकाचे लेखक सोडून.

संगीत लावून लिहावं ही कल्पना माझी नव्हे, चिरंजीवांची. ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यामुळे त्यांना साहित्यातलं कळतं. मी कोऱ्या पडद्याकडे बघत बसलेलो पाहून ते म्हणाले, "बाबा, मुराकामी जॅझ ऐकतो. तुम्ही काय ऐकता?"

मी म्हटलं, "तुझ्या आजीचा रेडिओ."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

चौकशी केली तर मुलाचं म्हणणं खरं निघालं. हारुकी मुराकामी कादंबरीकार होण्याआधी तोक्योत ‘पीटर कॅट’ नावाचा जॅझ बार चालवायचा आणि त्याच्याकडे हजारोंनी तबकड्या आहेत. तिकडे अमेरिकेत स्टीफन किंग हा भयकथांचा बादशहा. त्यानं २००० साली आलेल्या ‘ऑन रायटिंग’ या पुस्तकात लिहूनच ठेवलंय की आपण काम करताना दणदणीत रॉक लावतो: एसी-डीसी, गन्स अँड रोझेस, मेटॅलिका. हे मी जेवताना घरात वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "एसी-डीसीवरून आठवलं. इन्व्हर्टरवाल्याला फोन केलात का?"

खरं सांगायचं तर त्याआधीची पंचवीस वर्षं मी कथा लिहिल्या त्या कुकरच्या शिट्ट्या, सोसायटीच्या पाण्याची मोटर आणि आईचा रेडिओ एवढ्या साथीवर. रेडिओत काय लागणार यात माझा काही हात नसे. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ नावाचा कार्यक्रम लागायचा. नाव ‘आपली आवड’, पण आवड भलत्याच कुणाची तरी. कुठल्या तरी गावचे पाच-सहा श्रोते पत्र पाठवून गाणं मागायचे आणि ते आम्ही ऐकायचं. आवडलं तर आवडलं, नाही तर भाकरी थापता थापता ऐकलं. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हाच्या लेखकांना तर एवढाही प्रश्न पडला नसेल. देवळातलं भजन आणि शेजारच्या पोरीची पेटी, एवढंच उपलब्ध. एखाद्या श्रीमंताघरी ग्रामोफोन असेलही, पण त्या काळची तबकडी एका बाजूला तीनेक मिनिटंच चालायची. म्हणजे एक वाक्य लिहायचं, उठायचं, तबकडी उलटायची, चावी द्यायची, पुन्हा बसायचं. त्या पिढीची वाक्यं लांबलचक पण प्रकृती चांगली होती, त्याचं कारण हेच असावं.

माझ्या हातात मात्र फोन होता आणि फोनात जगातलं सगळं संगीत. मग मी लेखनाला लागलो, म्हणजे यादी करायला बसलो. यादीला नाव दिलं ‘दिनकर’. ही यादी करताना जे सुख मिळालं, ते मला कथा लिहिताना कधी मिळालेलं नाही. एसटीतल्या प्रवासासाठी काय, बहिणीच्या लग्नाच्या आठवणीसाठी काय, जमिनीच्या भांडणासाठी काय, दारापाशी काय. कुणी मध्येच विचारलं तर "कथेचं काम चाललंय" असं चेहरा न बदलता सांगता येत होतं. पहिल्या आठवड्याअखेरीचा हिशोब असा: कथेचे शब्द ४१२, यादीतल्या चिजा आणि गाणी मिळून ६३.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष लावून लिहायला सुरुवात केली. कथा गंभीर, तेव्हा विलंबित खयाल योग्य, असं वाटलं. विलंबित एकतालात मात्रा बारा, पण एकेक मात्रा अशी पसरलेली की समेवर येईपर्यंत मिनिटभर तरी जातं. त्या दिवशी सकाळी नऊ ते बारा मी एकटाकी लिहिलं. तब्येत खूष झाली. दुपारी जेवून वाचलं. दिनकरनं पहिल्या परिच्छेदात पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला होता. दुसऱ्या परिच्छेदात त्याला त्या पायरीच्या दगडाचा गारवा जाणवला. तिसऱ्यात त्या दगडाची खाण आली. चौथ्यात उजवा पाय तसाच ठेवून तो डाव्या पायाचा विचार करू लागला. पाचव्या परिच्छेदात, मला वाटतं समेवर, तो परत उजव्या पायाशी आला. तीन तासांत एक पायरी. या लयीत दार उघडायला पुढच्या वर्षीची दिवाळी उजाडली असती, आणि बहीण ऐंशीच्या घरातली आहे.

द्रुत लावून पाहिलं. लय चढल्याबरोबर दिनकर धावत पाचही पायऱ्या चढला, दार ढकललं, भांडण मिटलं, जमिनीची वाटणी झाली, बहीण वारली, दिनकरही वारला. शब्द २३०.

मध्ये एकदा स्टीफन किंगच्या वाटेनंही जाऊन आलो. दिनकरनं दार वाजवलंच नाही, लाथ घातली. तेहतीस वर्षं एसटीत ‘पुढे सरका’ म्हणालेला माणूस असं करणार नाही, म्हणून तो भाग खोडला.

तळमजल्यावर एक काका राहतात. वय चौऱ्याऐंशी. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि काका तेव्हापासून जातात, असं ते स्वतः सांगतात. खोटं ठरवायला त्यांच्या वयाचं दुसरं कुणी सोसायटीत उरलेलं नाही. एके दिवशी सकाळी दहाला मी अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. संध्याकाळचा प्रसंग होता, उन्हं उतरलेली, दिनकर दारापाशी. पाचव्या मिनिटाला बेल वाजली. काका तीन मजले चढून आले होते, लिफ्ट असताना.

"अहो लेखक, सकाळी दहाला मारवा?"

"काका, माझ्या कथेत संध्याकाळ आहे."

"तुमच्या कथेत असेल. माझ्या घरात सकाळ आहे. तोडी लावा."

मी स्पीकर बंद करून इअरफोन आणले, पण काकांचं बोलणं मनातून जाईना. म्हटलं, रागाची वेळ आणि कथेची वेळ जुळवूनच बघू. वेळापत्रक केलं. सकाळची एसटी: भैरव. दुपारी शिरोळच्या पुढे उसाच्या गाड्यांत अडकलेली एसटी: भीमपलास. सूर्यास्ताला दार: मारवा. रात्री अंथरुणावर पडून जुन्या आठवणी: दरबारी. वेळापत्रक देखणं झालं. फक्त सूर्यास्ताला आमच्याकडे पालेभाजी निवडण्याची वेळ असते, आणि दरबारीच्या वेळेला मी झोपलेला असतो.

तरी दोन-तीन संध्याकाळी मेथी बाजूला सारून मारव्यात लिहिलं. तेव्हा कळलं की खरी गोम वेळेची नाहीच. मारव्यात पंचम नाही आणि षड्जावर यायचं गवई होता होईतो टाळतो. षड्ज म्हणजे आपलं घर, पाय धुऊन टेकायची जागा. मारवा त्या घराभोवती घिरट्या घालतो, आता जाईल, आता जाईल असं वाटायला लावतो आणि शेजारच्या गल्लीत वळतो. हे तासभर ऐकल्यावर दिनकरसारखा हळवा माणूस काय करणार? तो चौथ्या पायरीवरून मागे फिरला आणि रंकाळ्यावर जाऊन भेळ खात बसला. तीन संध्याकाळी तीन वेळा. अमीर खाँसाहेब इतके थोर की माझ्या पात्रानं माझं ऐकायचं सोडून त्यांचं ऐकलं, याचं मला वाईटही वाटलं नाही. कोमल रिषभ लागला की मीसुद्धा त्याच्या शेजारी बसून भेळ खाल्ली असती.

मग गाणी. इथं मात्र शास्त्रच आडवं येतं. १९७६ साली कोल आणि वेल्श या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काही अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला दिली आणि मागे जर्मन भाषेतला उतारा वाचत ठेवला. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, उताऱ्याकडे लक्ष द्यायचंही नव्हतं, तरी अक्षरं विसरली. कानावर पडलेला शब्द, मग तो परक्या भाषेतला असेना, डोक्यातल्या शब्दांच्या रांगेत घुसतोच. परक्या शब्दांची ही तऱ्हा, मग आपल्या भाषेतले कवी काय करत असतील! भावगीतं लावली त्या दिवशी दिनकरची बहीण, जी आयुष्यभर रेशनच्या रांगेत आणि भावकीत बोलली, ती यमक जुळवून बोलायला लागली. चांदणं, पैंजण, पारिजात. कोल्हापूरच्या बाईच्या तोंडी पारिजात आला की समजावं, लेखकाच्या कानात इअरफोन आहेत.

नाट्यसंगीतानं याहून घोटाळा केला. पात्रं प्रत्येक वाक्य तीन-तीनदा, वेगवेगळ्या अंगानं म्हणू लागली. "ताई, मी आलोय" हे वाक्य दिनकरनं एकदा साधं, एकदा तान घेऊन आणि एकदा प्रेक्षकांकडे बघून म्हटलं, आणि वन्स मोअर मिळाल्यासारखा बाहेर जाऊन परत आला. गीतरामायणाची तर चूकच होती. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली ही छप्पन्न गीतं म्हणजे माडगूळकर आणि बाबूजींनी आधीच संपूर्ण सांगून ठेवलेली कथा आहे. दुसऱ्याची एवढी बांधेसूद कथा कानात चालू असताना आपली काय लिहायची? तिसऱ्या गीताला मी लॅपटॉप मिटला आणि हात जोडून ऐकत बसलो. आई येऊन शेजारी बसली. त्या दिवशी एक शब्द झाला नाही, पण घरात वातावरण चांगलं होतं.

मोझार्टचाही प्रयोग केला. १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक टिपण आलं होतं. छत्तीस विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला तर कागद घडी घालून कापल्यावर कसा दिसेल, अशा प्रकारची कोडी त्यांना अधिक बरी सुटली. परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावर जगभर असा बोभाटा झाला की १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी अंदाजपत्रकात पैसे मागितले. मी नवजात नाही, त्यामुळे स्वतःच्या खर्चानं ऐकला. कागदाच्या घड्या खरोखरच चांगल्या पडू लागल्या. टोपली सहा फुटांवर आहे, त्यातला एकही बाहेर पडला नाही.

शब्द नकोत, तर वाद्यसंगीत घ्यावं, असं चिरंजीव म्हणाले. वाद्यसंगीतात शब्द नसतात हे खरं, पण आठवणी असतात, आणि त्या अख्ख्या घराच्या असतात. सारंगी लावली. माझ्या इअरफोनचं एक बोंडूक सैल आहे, त्यातून आवाज बाहेर येतो. आई आतून भिंतीला धरत धरत आली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "कोण गेलं रे?"

तिचं चुकलं नाही. पूर्वी मोठा पुढारी गेला की आकाशवाणीचे नेहमीचे कार्यक्रम बंद व्हायचे आणि दिवसभर सारंगी वाजत राहायची. बातमी नंतर यायची, सारंगी आधी. त्या पिढीला या वाद्याची ओळखच अशी झाली, आणि एवढ्या गोड वाद्यावर याहून मोठा अन्याय नाही. मी आईला सांगितलं की कुणी गेलं नाही. तिनं तरीही टीव्ही लावून खात्री करून घेतली.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची तबकडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात रागांमधून उलगडलाय. मी ती लावली आणि वीस मिनिटांत माझ्या कथेत मेंढरं शिरली. आधी एक, मग कळप. मी हाकलायचा प्रयत्न केला, पण बासरी चालू होती. शेवटी मेंढपाळाला काश्मिरातून उचलून आपल्याकडचा धनगर केला, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, आणि एसटीच्या आडवा घातला. मेंढरं रस्ता ओलांडेपर्यंत एसटी थांबली. दिनकर खिडकीतून त्या धनगराकडे बघतो, धनगर दिनकरकडे बघतो, कुणी काही बोलत नाही. एवढंच. हा परिच्छेद मला इतका बरा वाटला की त्या दिवशी मी यादीला हातही लावला नाही.

आता सनईचं सांगतो. पॅरिसमध्ये एरिक साती नावाचा एक विक्षिप्त संगीतकार होता. त्याच्या डोक्यात आलं की खुर्ची-टेबलासारखं संगीत असावं. खोलीत असतं, पण कुणी त्याच्याकडे बघत बसत नाही. त्याला तो फर्निचर संगीत म्हणायचा. मार्च १९२० मध्ये एका चित्रदालनात, नाटकाच्या मध्यंतरात, त्यानं आणि मियो या मित्रानं ते वाजवलं. लोकांना आधीच बजावलं होतं की याकडे लक्ष देऊ नका. झालं उलटंच. सूर कानावर पडल्याबरोबर मंडळी लगबगीनं आपापल्या जागेवर येऊन गप्प बसली. साती बिचारा सगळीकडे फिरून विनवतोय, बोला, हिंडा, ऐकू नका! लोक ऐकतच राहिले.

सातीला माहीत नव्हतं, पण त्याला हवं ते आपल्या मंगल कार्यालयांत कधीच सिद्ध झालेलं आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांसारख्या जगन्मान्य कलावंताची सनई सकाळी सातपासून चालू असते आणि चारशे माणसांत एक माणूस ऐकत नाही. मुलाकडचे चहाला साखर कमी म्हणतायत, गुरुजी नारळ शोधतायत, कुणाची तरी पर्स हरवलीय. गाद्या, खुर्च्या, पाण्याचा पिंप, सनई, सगळं एकाच भाड्यात. म्हटलं, हेच आपल्याला हवं. कान देऊ नये असं संगीत. लावली सनई.

बायको ओल्या हातानं बाहेर आली. "कुणाचं लग्न?"

"दिनकरच्या कथेसाठी आहे."

"मग त्याला जेवायला काय?"

तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं आणि लिहीत गेलो. वाचून बघतो तर कथेतले सगळे जण एकमेकांना जेवायचा आग्रह करत होते. शेजारीण म्हणते, चार घास खाऊन जा. एसटीचा ड्रायव्हर डबा पुढे करतो. दाराच्या आतून पानं मांडल्याचा आवाज येतो. सनईनं चाळीस वर्षांच्या पंगती माझ्या हातात उतरवल्या होत्या. बरंचसं खोडलं. एक ठेवलं: बहीण दार उघडून अठरा वर्षांचा एकही शब्द काढत नाही, आत वळते आणि आणखी एक ताट घेते.

पावसाचा प्रयोग आमच्या घरात अजून सांगितला जातो. लेखकांचं चित्त एकाग्र व्हावं म्हणून नुसत्या पावसाचा आवाज मिळतो, सलग दहा तासांचा. मी तो लावला. बाहेर श्रावण. तासाभरात मी तल्लीन झालो आणि मग एकदम भान येऊन ओरडलो, "अगं, दोरीवरचे कपडे काढा!" बायको धावली, चिरंजीव धावले, आईनंही गॅलरीचं दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन. त्यानंतर तीन दिवस खरा पाऊस आला की चिरंजीव खोलीत डोकावून विचारायचे, "बाबा, हा तुमचा की आमचा?"

आणि तो पाऊसही आपला नव्हताच. कुठल्या तरी परदेशी तंबूवर पडणारा, एकसारखा, शिस्तीचा पाऊस. त्यात पन्हळीचं पाणी बादलीत पडत नव्हतं, पत्र्यावरून थेंब नव्हता, कुणी "आला, आला" म्हणत नव्हतं. अशा पावसात कोल्हापूरची गल्ली कशी भिजवायची?

मी वापरतो ते ॲप फुकटातलं. त्याचं नाव सांगत नाही. फुकटातलं असल्यामुळे दर दोन रागांमध्ये जाहिरात लागते. एका रात्री मी शेवटच्या प्रसंगापाशी आलो होतो. दार उघडलंय, बहीण उभी आहे, दिनकर उभा आहे, कानात तानपुरा. आता ती काय बोलणार? मी बोटं उगारून थांबलो. तानपुरा संपला आणि एक उत्साही बाई कानात ओरडली, कर्ज हवंय का? मी शिवी हासडणार तेवढ्यात हात चालू झाला. बहिणीनं दिनकरला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "कर्ज हवंय का?" अठरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. पावणेदोन एकरांवरून तुटलेली बहीण दुसरं काय विचारणार होती? तीन आठवड्यांत इतकं चपखल वाक्य मला एकाही खयालानं दिलं नव्हतं.

तरीही तिसरी पायरी ते पाचवी पायरी हा मधला तुकडा राहिला होता. सुरुवात होती, शेवट होता, मधे माणूस हलत नव्हता. आणि नागपंचमीचा फोन येऊन गेला होता.

आवाजाला कंटाळलेल्या लेखकांची परंपरा मोठी आहे. प्रूस्तनं पॅरिसमधल्या आपल्या खोलीच्या भिंतींना बुचाचं अस्तर लावून घेतलं होतं. शेजारच्या कोंबड्यांना वैतागून थॉमस कार्लाइलनं १८५३ साली लंडनच्या घरावर ध्वनिबंद खोली चढवायला काढली. पैसे गेले, खोली झाली, शांतता काही मिळाली नाही. १८६४ साली डिकन्सनं रस्त्यावरच्या वाजंत्र्यांविरुद्ध एका खासदाराला पत्र लिहिलं, त्यावर कार्लाइल, टेनिसन, विल्की कॉलिन्स यांच्या सह्या, आणि त्याच वर्षी कायदाही झाला. पुण्यात असं पत्र लिहायला घेतलं तर सह्या भरपूर मिळतील. अडचण एवढीच की सह्या करणाऱ्यांची मुलं पथकात असतात.

आमचंही आहे. मुराकामीचं जॅझ सुचवणारे चिरंजीव नदीपात्राजवळच्या ढोल-ताशा पथकात तिसऱ्या रांगेत ढोल वाजवतात. सराव गणपतीच्या दोन महिने आधी सुरू होतो, म्हणजे बरोबर दिवाळी अंकाच्या मोसमात. संध्याकाळी सात वाजता पहिला ताशा कडाडला की आमच्या कपाटातल्या वाट्या जागच्या जागी ताल धरतात. इअरफोन, बुचाचं अस्तर, कुणाचा इलाज नाही. शिवाय इथं निवडीचा प्रश्नच नाही. ते वाजवतील ते ऐकायचं. ‘आपली आवड’ परत सुरू झाल्यासारखं वाटलं.

तीन-चार दिवसांत मला एक गोष्ट जाणवली. ते दरवेळी एकाच ठिकाणी अडखळायचे. ताशा पुढे जायचा, ढोलांची पहिली रांग जायची, आणि मग नव्या पोरांचा ठोका अर्ध्या मात्रेनं मागे पडायचा. टोल वाजवणारा थांबायचा. शिट्टी. कुणीतरी ओरडायचं. पुन्हा पहिल्यापासून. रोज वीस-पंचवीस वेळा. मी नकळत त्या जागेची वाट बघू लागलो. ती जागा जवळ आली की टंकणारी बोटं थांबायची, अडखळले की सुस्कारा टाकून पुढचं वाक्य लिहायचो. वाक्यं छोटी होऊ लागली. पुढच्या शिट्टीच्या आत जेवढं बसेल तेवढंच.

नवव्या दिवशी ते त्या जागेवरून पार गेले. खालून आरडाओरडा ऐकू आला. मी पडद्यावर बघितलं तर दिनकर पाचव्या पायरीवर होता आणि त्यानं दारावर धाड् धाड् धाड् असे ठोके दिलेले होते. निवृत्त कंडक्टरच्या मानानं फारच, पण मी ठेवले.

रात्री चिरंजीव हाताला फोड घेऊन घरी आले. मी विचारलं, "ती जागा आज सुटली ना?"

ते बघतच राहिले. "तुम्हाला ऐकू येतं?"

कथा पंधरा ऑगस्टला गेली. शब्द २,९६०. चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. धनगर आवडला म्हणाले. ताटाचा प्रसंग छान. "कर्ज हवंय का" या वाक्याला तर त्यांनी दाद दिली आणि हे सुचलं कसं, असं विचारलं. मी चिंतन वगैरे शब्द वापरून वेळ मारून नेली. दार वाजवण्याचा आवाज मात्र पोलीस आल्यासारखा वाटतो म्हणून त्यांनी दोन ठोके कापले. आता एकच आहे.

अंक दिवाळीत येईल, तेव्हा जरूर वाचा. वाचताना काय लावावं असा प्रश्न पडला तर कळवा, ‘दिनकर’ यादी तयार आहे, पाठवून देतो. कथा वाचायला वीस मिनिटं लागतात. यादी नऊ तास चाळीस मिनिटांची आहे.